आजी-आजोबा, पोरं, सगळे मिळून तारागोना: खान्देशातून जाणाऱ्यांसाठी

खान्देशातून युरोपला जायचं ठरलं की बहुतेक घरात पहिला विचार टूरचाच येतो, दहा-बारा दिवसात पाच देश, सकाळी सहाला बॅगा लॉबीत, दिवसभर बस, फोटो काढला की पुढचं गाव. नवरा-बायको दोघंच असतील तर ठीक आहे, पण घरात गुडघे धरून जिना चढणारी आजी आहे, शुगरची गोळी वेळेवर घेणारे आजोबा आहेत आणि सहा-सात वर्षाचं पोरगं आहे तर तसं करू नका भो, मनापासून सांगतो. एकच भाग धरा, एकच घर भाड्याने घ्या आणि दिवसाला एकच गोष्ट बघा.

त्यासाठी मला सगळ्यात जास्त पटलेला भाग म्हणजे स्पेनमधलं कॅटालोनिया, आणि त्यातही बार्सिलोना शहर नाही तर तिथून साधारण १०० किलोमीटर दक्षिणेला असलेला तारागोनाचा किनारा. तारागोना, सालोऊ, कॅम्ब्रिल्स, रेउस अशी गावं एकमेकांना चिकटून आहेत. समुद्र आहे, पोरांसाठी पोर्टअॅव्हेंचुरा नावाचं मोठ्ठं अम्युझमेंट पार्क आहे, दोन हजार वर्षं जुनं रोमन शहर आहे, भाताची शेती आणि पक्षी आहेत, डोंगरात गुहा आहे, आणि हे सगळं मुक्कामापासून फार तर तासा-दीड तासाच्या आत. रोज बॅगा भरायच्या नाहीत, ह्या एका गोष्टीने घरातली अर्धी चिडचिड कमी होते.

आधी कधी जायचं ते ठरवा. आपल्या शाळांना सुट्टी मे महिन्यात आणि दिवाळीत, आणि दोन्ही वेळा तिकडे चांगल्या आहेत. मे मध्ये आपल्याकडे जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या आसपास असतो तेव्हा तिथे दुपारी एक शर्ट घालून आरामात फिरता येतं, संध्याकाळी पातळ स्वेटर लागतं, आणि उजेड रात्री नऊपर्यंत असतो त्यामुळे दुपारी दोन तास झोपून उठलं तरी दिवस वाया जात नाही. फक्त मे मध्ये समुद्राचं पाणी गार असतं, पोरं घुसतात, मोठी माणसं पाय भिजवून परत येतात. दिवाळीच्या सुट्टीत म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरात दिवस लहान होतो आणि पावसाची शक्यता वाढते, पण ऑक्टोबरात पाणी मे पेक्षा कोमट असतं आणि गर्दी कमी असते. जुलै-ऑगस्ट टाळा, तेव्हा अख्खा युरोप त्या किनाऱ्यावर आलेला असतो, घरभाडं वर जातं आणि दमट उकाडा होतो, आपल्याला कोरड्या उन्हाची सवय आहे पण दमट हवेची नाही.

कागदपत्रांना घाई चालत नाही. शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) लागतो, स्पेनचे अर्ज आपल्याकडून मुंबईत बीएलएस इंटरनॅशनलच्या सेंटरवर घेतले जातात. निघायच्या ६ महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि कमीत कमी १५ दिवस आधी तरी करावाच लागतो, पण मे मध्ये जाणाऱ्यांची गर्दी इतकी असते की जानेवारी-फेब्रुवारीतच अपॉइंटमेंट घ्या. फी मोठ्यांना ९० युरो, ६ ते १२ वर्षाच्या पोरांना ४५, सहाच्या आतल्यांना नाही, वरून सेंटरचा सर्व्हिस चार्ज. ट्रॅव्हल इन्शुरन्स कमीत कमी ३०,००० युरोच्या कव्हरचा पाहिजे, आणि आजी-आजोबांसाठी घेताना त्यांचा आधीपासूनचा आजार त्यात कव्हर होतो का ते एजंटला तोंडी नाही, कागदावर विचारा.

पासपोर्टचं एक बारीक काम असतं ते लोकांच्या लक्षात येत नाही. लहान मुलांचा पासपोर्ट ५ वर्षाचाच असतो, त्यामुळे मोठ्यांचा चालू आणि पोराचा संपलेला असं होऊ शकतं. परत यायच्या तारखेनंतर अजून ३ महिने तरी तो व्हॅलिड पाहिजे आणि दोन पानं कोरी पाहिजेत. पोरगं आई किंवा वडील एकाच्याच बरोबर जात असेल तर दुसऱ्याचं संमतीपत्र करून ठेवा.

शेतकरी घरातल्या लोकांना नेहमी एक शंका असते की आयटीआर नाही तर व्हिसा कसा मिळणार. तुमचं उत्पन्न शेतीचं असेल तर सातबारा, केळी-कपाशी विकल्याच्या पट्ट्या, आणि ते पैसे ज्या खात्यात जमा झाले त्या खात्याचं स्टेटमेंट, हे सगळं एका ओळीत जुळलं पाहिजे, म्हणजे पट्टीवरची रक्कम बँकेत दिसली पाहिजे. सातबारा मराठीत असतो तर त्याचं इंग्रजी भाषांतर करून सोबत लावा. अर्जाच्या आठवडाभर आधी खात्यात अचानक मोठी रक्कम आणून टाकू नका, त्यापेक्षा सहा महिन्याची खरी उलाढाल दिसलेली बरी.

प्रवास मुंबईवरून. भुसावळ-जळगाववाले रेल्वेने, धुळेवाले नाशिक मार्गे रोडने, नंदुरबारवाले सुरत मार्गे. दुबई, दोहा असं मध्ये एकदा विमान बदलून बार्सिलोनाला उतरता येतं. तिकीट काढताना तीनेक तासांचा थांबा असलेलं बघा, एक तासाचा थांबा वयस्कर माणसांना पळवतो. आणि तिकीट बुक करतानाच व्हीलचेअर मागून ठेवा, आजी चालत्या-फिरत्या असल्या तरी मागा. मोठ्या एअरपोर्टवर एका गेटवरून दुसऱ्या गेटला चालणं फार असतं आणि व्हीलचेअर घ्यायला लाज वाटायचं काही कारण नाही.

बार्सिलोना एअरपोर्टवरून थेट सालोऊ-कॅम्ब्रिल्सकडे जाणाऱ्या बस आहेत, सामान आणि लेकुरवाळी माणसं असतील तर तेच सोपं. रेल्वेने जाणार असाल तर एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा, फास्ट ट्रेनचं कॅम्प दे तारागोना नावाचं स्टेशन गावात नाहीये, शहरापासून दहा-बारा किलोमीटर बाहेर माळावर आहे. तिकिटावर नुसतं तारागोना लिहिलेलं असेल तर ते गावातलं, समुद्राकाठचं स्टेशन, तिथे साध्या रीजनल गाड्या थांबतात. वेळ थोडा जास्त लागतो पण शेवटी टॅक्सीचे पैसे वाचतात.

गाडी भाड्याने घ्यावी का? पाच-सहा माणसं असतील तर दोन-तीन दिवसापुरती घ्या, सगळा आठवडा नको. निघायच्या आधी आपल्या आरटीओतून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढा, मूळ लायसन्ससोबत ठेवा. तिकडे गाडी उजव्या बाजूने चालवतात, पहिल्या दिवशी घरातल्या दुसऱ्या मोठ्या माणसाने बाजूला बसून फक्त रस्त्याकडे लक्ष द्यावं. १३५ सेंटीमीटरपेक्षा कमी उंचीच्या पोरांना मागे चाइल्ड सीटवर बसवणं कायद्याने लागतं, मांडीवर घेऊन बसणं चालत नाही, त्यामुळे सीट बुकिंगमध्येच मागा. किनाऱ्याचा एपी-७ हायवे त्या भागात आता टोल फ्री झालाय.

मुक्कामासाठी हॉटेल नको, किचनवालं अपार्टमेंट घ्या. सालोऊ किंवा कॅम्ब्रिल्स. सालोऊ पार्कच्या जवळ आहे, रात्री जरा आवाज असतो. कॅम्ब्रिल्स शांत, मच्छीमारांचं जुनं बंदर आहे, संध्याकाळी आजी-आजोबांना सपाट रस्त्यावर समुद्राकडेने लांबपर्यंत चालता येतं. आमच्याकडच्या सगळ्यांना कॅम्ब्रिल्स जास्त आवडलं, आणि माझंही मत तेच. बुकिंग करताना लिफ्ट आहे का हे नक्की विचारा. आणि कॅटालोनियात मुक्कामावर टुरिस्ट टॅक्स लागतो, १६ वर्षांवरच्या प्रत्येक माणसाला रात्रीच्या हिशोबाने, तो बऱ्याचदा चावी देताना वेगळा घेतात, फसवलं असं समजून भांडू नका.

आता खाण्याचं, कारण आपल्याकडची निम्मी मंडळी ह्याच भीतीने जात नाही.

जाताना काय नेता येतं ते बघा. दूध आणि मांसाचे पदार्थ बाहेरून युरोपात न्यायला बंदी आहे, म्हणजे पेढे, खवा, तूप, पनीर घरीच ठेवा. कोरडं न्या, बिबड्या, केळीचे वेफर्स, शेव, शेंगदाण्याची चटणी, काळा मसाला, थोडी तूर डाळ, सगळं बंद पॅकिंगमध्ये आणि नाव लिहून. तिकडच्या बाजारात तांदूळ, मसूर, हरभरा, दही, कांदे-बटाटे, टोमॅटो, वांगी सगळं मिळतं, काबुली चणे तर शिजवून काचेच्या बरणीत भरलेले मिळतात, मीठ-पाण्यातून उपसून धुतले की पाच मिनिटात छोले. कणकेसाठी पिठाच्या पाकिटावर इंटेग्राल लिहिलेलं बघा, त्याच्या पोळ्या होतात. केळी पण मिळतात, बरीचशी स्पेनच्याच कॅनरी बेटांवरची, आकाराने लहान, सालीवर काळे ठिपके, चवीला गोड. जळगावच्या पोरांना ती लगेच चालतात, म्हणून बॅगेत कायम दोन-चार ठेवायची.

तिथल्या किचनमध्ये बहुतेक वेळा इंडक्शन किंवा काचेची शेगडी असते. अॅल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर चालत नाही, म्हणून स्टीलचा छोटा कुकर आणि एक लोखंडी तवा नेला की काम झालं. ठेच्याची फोडणी देताना खिडकी उघडा आणि एक्झॉस्ट लावा, शेजारी कोणीतरी खोकत बाहेर येईल. आपले दोन गोल पिनांचे चार्जर तिथल्या सॉकेटला बसतात, तीन पिनांचे बसत नाहीत, तेवढा एक अॅडॅप्टर घ्या.

बाहेर खाताना तिकडच्या वेळा वेगळ्या. दुपारचं जेवण दीडनंतर, रात्रीचं साडेआठ-नऊच्या आधी बऱ्याच ठिकाणी किचनच सुरू होत नाही. आपल्या आजी-आजोबांना बारा-साडेबाराला भूक लागते आणि सातला, म्हणून सकाळी घरून पोळी-भाजी बांधून घ्यायची आणि रात्रीचं घरी, फक्त दुपारचं कधीमधी बाहेर. शाकाहारी असाल तर भाजीचं नाव वाचून विश्वास ठेवू नका. व्हेजिटल नावाच्या सँडविचमध्ये टुना मासा आणि अंडं असतं, साध्या मिक्स सॅलडवर पण टुना येतो, पालकाच्या भाजीत हॅमचे तुकडे असू शकतात. ऑर्डर देताना हे तीन शब्द म्हणायचे, सेन्सा कार्न, सेन्सा पेश, सेन्सा औ, म्हणजे मटण नको, मासा नको, अंडं नको. तरी शंका असेल तर फोनवर लिहून दाखवा.

बिनधास्त मागवायच्या गोष्टी पण आहेत. पाव भाजून त्याच्यावर पिकलेला टोमॅटो चोळतात, वरून ऑलिव्ह तेल आणि मीठ, पा अम्ब तोमाकेत म्हणतात, ते पोरं नाश्त्याला रोज खातात. पातातास ब्रावास म्हणजे तळलेल्या बटाट्याचे तुकडे आणि तिखटसर सॉस, सॉस वेगळा मागा कारण पांढऱ्या सॉसमध्ये अंडं असू शकतं. क्रेमा कातालाना नावाचं गोड फार प्रसिद्ध आहे पण त्यात अंड्याचा बलक असतो. आणि एस्कालिवादा, वांगी आणि मोठ्या लाल ढोबळ्या मिरच्या विस्तवावर अख्ख्या भाजायच्या, काळं साल काढायचं, लांब लांब फाडायचं आणि वरून तेल-मीठ. आमच्या आईने ते पहिल्यांदा खाल्लं आणि म्हणाली ह्यात लसूण-मिरची कुटून टाकली असती तर झालंच असतं.

हिवाळ्यात जाणारे असतील, जानेवारी ते मार्च, तर वाल्स गावाकडे जा. काल्सोत म्हणून लांब पांढऱ्या दांड्याचा पातीचा कांदा असतो, शेतात काड्यांचा जाळ करून त्याच्यावर जुड्या टाकतात, बाहेरून कोळसा होईपर्यंत भाजतात, मग पेपरात गुंडाळून दम देतात. सगळे उभ्याने, गळ्यात फडकं बांधून, हाताने काळं साल ओढून काढतात आणि बदाम-हेझलनट-टोमॅटो-लसणाच्या लाल सॉसमध्ये बुडवून मान वर करून खातात. आपल्याकडे हिवाळ्यात शेतात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजून भरीत पार्टी होते ना, पन्नास माणसं, खाली सतरंजी, तोच माहोल आहे, शेतमालक पाहुण्यांना आग्रह करतात तेही तसंच. कांदा आणि सॉस शाकाहारी असतो, मटण त्यानंतर वेगळं येतं, ते आधीच नको सांगता येतं. वाल्समध्ये जानेवारीच्या शेवटच्या रविवारी ह्याचा मोठा उत्सव असतो.

आता एकेक दिवस.

पोर्टअॅव्हेंचुराचा दिवस. पार्क १९९५ मध्ये सुरू झालं, सालोऊच्या शेजारीच आहे, आणि आत चीन, मेक्सिको, पॉलिनेशिया, फार वेस्ट असे वेगवेगळे भाग केलेत. ह्याची तयारी घरूनच करायची ती अशी की पोरांची उंची मोजा. मोठ्या राइड्सना १४० सेंटीमीटर लागतात, शाम्भाला ७६ मीटर उंच, ड्रॅगन खान आठ वेळा उलटं फिरवतो, फुरियस बाको १३५ किलोमीटरच्या स्पीडने सुटतो. १३७ उंचीच्या पोराला रांगेत तासभर उभं करून शेवटी परत पाठवलं की तो दिवसभर रडतो, म्हणून आधीच सांगून ठेवायचं की तुझ्यासाठी ह्या ह्या राइड्स आहेत. लहानांसाठी सेसामोअॅव्हेंचुरा नावाचा वेगळा भाग आहे, तिथे सहा-सात वर्षांखालची पोरं अर्धा दिवस आरामात रमतात. पाण्याच्या राइड्सवर कपडे पूर्ण भिजतात, जास्तीचा जोड आणि चप्पल सोबत.

चार वर्षांच्या आतल्यांना तिकीट नाही, ४ ते १० वर्षांच्या पोरांना आणि साठीच्या वरच्यांना कमी दराचं असतं, तेव्हा आजी-आजोबांचे पासपोर्ट किंवा फोटो काढलेली कॉपी जवळ ठेवा. त्यांनी राइडमध्ये बसायची गरज नाही, सावली आहे, शो आहेत, आतमध्ये छोटी रेल्वे फिरते त्यात बसून पार्क बघता येतं. शेजारचं फेरारी लँड २०१७ मध्ये झालं, तिथली रेड फोर्स ११२ मीटर उंच जाते आणि पाच सेकंदात १८० चा स्पीड घेते. घरात कॉलेजातली पोरं असतील तरच त्याचं तिकीट जोडा, लहान पोरांच्या घराला एका दिवसात दोन्ही पार्क झेपत नाहीत. फेरारी लँड आणि वॉटर पार्क वर्षभर उघडे नसतात, तारीख त्यांच्या कॅलेंडरवर बघूनच विमानाचं तिकीट काढा. ऑक्टोबरात गेलात तर पार्कात सगळीकडे हॅलोवीनची सजावट असते, भुतंखेतं घाबरवायला अंगावर येतात, भित्र्या पोरांना संध्याकाळच्या आत बाहेर काढा.

ह्या दिवसानंतरचा दिवस रिकामा ठेवा. समुद्र, झोप, घरचा वरण-भात. आपल्या पोरांनी समुद्र फार बघितलेला नसतो म्हणून नियम सांगून ठेवा, किनाऱ्यावर झेंडा असतो, हिरवा म्हणजे पोहायला हरकत नाही, पिवळा म्हणजे जपून, लाल म्हणजे पाण्यात जायचं नाही. सालोऊ-कॅम्ब्रिल्सची वाळू बारीक आणि पाणी बरंच आतपर्यंत उथळ आहे, लहानांना चांगलं. तरी तापीत पोहणारा काका बरोबर आहे म्हणून पोरांना एकटं सोडू नका, समुद्राची ओढ वेगळी असते.

तारागोना शहराला एक पूर्ण दिवस द्या, आणि सोमवार सोडून द्या कारण सोमवारी बहुतेक रोमन जागा आणि म्युझियम बंद असतात. हे शहर रोमन लोकांचं ताराको, स्पेनमधल्या त्यांच्या सगळ्यात मोठ्या प्रांताची राजधानी, सम्राट ऑगस्टस स्वतः इथे राहिला होता. २००० मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून घेतलं. समुद्राच्या अगदी काठावर दुसऱ्या शतकातलं अॅम्फीथिएटर आहे, दगडात कोरलेल्या आणि बांधलेल्या पायऱ्या, मागे निळं पाणी. तिथे ग्लॅडिएटरच्या झुंजी व्हायच्या, आणि इसवी सन २५९ मध्ये फ्रुक्तुओसुस नावाच्या ख्रिस्ती बिशपला त्याच मैदानात जिवंत जाळलं. पोरांना नुसतं जुने दगड म्हणून दाखवलं तर पाच मिनिटात कंटाळतात, घोड्यांचे रथ कुठे पळायचे ते विचारत फिरा, रथांच्या शर्यतीचं मैदान, त्याला सर्कस म्हणतात, शहराच्या घरांखाली अजून आहे, त्याच्या लांब अंधाऱ्या कमानीच्या बोगद्यातून चालता येतं आणि तिथे पोरं खूष होतात. आजींना अॅम्फीथिएटरच्या पायऱ्या उतरवू नका, वरती बाल्को नावाचा सज्जा आहे, तिथून बसल्या जागी अॅम्फीथिएटर आणि समुद्र दोन्ही दिसतं, लोक तिथल्या लोखंडी कठड्याला नशीबासाठी हात लावतात. जुन्या गावात कॅथेड्रलकडे चढ आणि दगडी फरशी आहे, साडीखाली पण बुटच घालायला लावा.

मे मध्ये गेलात तर ताराको विवा म्हणून रोमन उत्सव असतो, सैनिक, बाजार, स्वयंपाक, खेळ, सगळं त्या काळासारखं करून दाखवतात. आपल्या उन्हाळी सुट्टीत बरोबर बसतो, तारखा बघून शक्य असेल तर तेच दिवस धरा.

शहराबाहेर चारेक किलोमीटरवर पोन्त देल दियाब्ले, सैतानाचा पूल. खरं म्हणजे रोमनांचा पाण्याचा पाट, दोन मजली कमानी, २७ मीटर उंच आणि दोनशे मीटरच्या वर लांब, नदीचं पाणी उताराने शहरात आणायला बांधलेला. पैसे लागत नाहीत, झाडीतून पायवाट आहे, आणि पाणी जिथून वाहायचं त्या वरच्या नालीतून एका टोकापासून दुसऱ्या टोकाला चालत जाता येतं. आमचे नाना पाटबंधाऱ्यात नोकरीला होते, त्यांनी उतार किती ठेवला असेल ह्यावर पोरांना बसवून असा क्लास घेतला की दोघं खाली उतरायला तयार नव्हते. लहान पोराचा हात सोडू नका वरती.

मानवी मनोऱ्यांबद्दल थोडं. कास्तेल म्हणतात, २०१० मध्ये युनेस्कोच्या यादीत गेले, उगम वाल्सचा. खाली शेकडो माणसांचा घट्ट गोल, त्यावर थरावर थर, आणि शेवटी हेल्मेट घातलेलं पाच-सात वर्षाचं पोरगं किंवा पोरगी वर चढून हात उंच करते आणि लगेच दुसऱ्या बाजूने उतरते, मनोरा नीट उतरवला तरच पूर्ण धरतात. दहा थरांपर्यंत गेलेत. हंगाम साधारण उन्हाळ्यापासून नोव्हेंबरपर्यंत, तारागोनात सांता तेक्लाच्या उत्सवात म्हणजे २३ सप्टेंबरच्या आसपास आणि वाल्समध्ये ऑक्टोबरच्या शेवटी मोठे होतात, म्हणजे दिवाळीच्या सुट्टीवाल्यांना जमू शकतं. सकाळी लवकर जाऊन चौकाच्या कडेला उभं राहा, पोराला खांद्यावर घ्या, आजी-आजोबांना चौकातल्या एखाद्या कॅफेत आधीच जागा धरून द्या.

गाडी घेतलेल्या दिवसात मी सांगेन एब्रो डेल्टा पहिला. एब्रो नदी समुद्राला मिळते तिथे सुमारे ३२० चौरस किलोमीटरचा गाळाचा सपाट त्रिकोण, बहुतेक सगळा भातशेतीचा. एप्रिल-मे मध्ये शेतात पाणी सोडतात आणि नजर जाईल तिथपर्यंत आरसा, उन्हाळ्यात हिरवंगार, सप्टेंबरात कापणी. फ्लेमिंगो वर्षभर दिसतात. १९८३ पासून तो नॅचरल पार्क आहे, लाकडी मचाणं बांधलीत, त्यावर चढून दुर्बिणीने बघायचं, हतनूर धरणावर हिवाळ्यात पक्षी बघायला जाणाऱ्यांनी आपली दुर्बीण नक्की न्यावी. डेल्टेब्रेवरून बोटी नदीच्या मुखापर्यंत जातात, त्यात चढायला सोपं आहे, आमच्या घरात सगळ्या वयाच्या माणसांना एकाच वेळी आवडलेली हीच जागा. रस्ते एकदम सपाट, सायकल भाड्याने घेतली तर दहा वर्षाचं पोरगं पण चालवतं. संध्याकाळी डास फार, ओडोमॉस न्या.

शेतकऱ्यांनी तिथे थोडं थांबून बघावं असं मला वाटतं. वरच्या धरणांमुळे नदीचा गाळ खाली येत नाही आणि डेल्टा समुद्राकडून खचत, झिजत चाललाय, जानेवारी २०२० च्या ग्लोरिया वादळात समुद्राचं खारं पाणी कित्येक शेतात घुसलं होतं. एवढी देखणी जमीन पोरांना आता दाखवून घ्यावी, आणि धरण बांधलं की खाली काय होतं हेही तिथेच समजावून सांगता येतं.

दुसरा गाडीचा दिवस डोंगराकडे. एस्प्लुगा दे फ्रांकोलीची गुहा, आत जमिनीखालून नदी वाहते आणि आदिमानव कसे राहायचे ते प्रकाश-आवाज लावून दाखवतात, पोरांना खूप आवडते, आत गार असतं म्हणून जॅकेट. तिथून जवळ पोब्लेतचा मठ, बाराव्या शतकातला, १९९१ पासून जागतिक वारसा, आरागॉनच्या राजांच्या समाध्या आहेत. आजोबांना इतिहासाची आवड असेल तर जा, पोरांसाठी अर्धा तास पुरे. मग मोंतब्लांक, चारी बाजूने तटबंदी असलेलं गाव, सांत जोर्दी नावाच्या संताने ड्रॅगन मारला तो इथेच अशी तिथल्या लोकांची कथा. २३ एप्रिलला त्याच्या नावाने अख्ख्या कॅटालोनियात लोक एकमेकांना गुलाब आणि पुस्तक देतात.

रेउस अर्ध्या दिवसात होतं. आर्किटेक्ट गाउदी १८५२ मध्ये त्याच भागात जन्मला, तिथल्या गाउदी सेंटरमध्ये हात लावून बघायचे मॉडेल आहेत. बार्सिलोनाला सग्रादा फमिलिया हे गाउदीचं मोठं चर्च बघायच्या आधी हे केलं तर पोरांना ते खांब झाडासारखे का वर गेलेत ते नीट कळतं.

बार्सिलोना शेवटी ठेवा, परतीच्या आधी एक किंवा दोन रात्री. सग्रादा फमिलियाचं काम १८८२ पासून चालू आहे, तिकीट वेळेच्या स्लॉटचं असतं, ऑनलाइन आधीच काढायचं, दारात जाऊन मिळेल ह्या भरवशावर राहू नका. सकाळचा स्लॉट घ्या, खांदे आणि गुडघे झाकलेले कपडे पाहिजेत. दुसरा दिवस असेल तर मॉन्टसेराट, दातेरी सुळक्यांचा डोंगर आणि कुशीत मठ, दातांच्या रुळावर चढणारी छोटी रेल्वे आहे ती पोरांना आवडते आणि आजींना चढावं लागत नाही, आत काळ्या मूर्तीची मेरी आहे, दर्शनाला रांग असते. सग्रादा फमिलिया पण, मॉन्टसेराट पण, पार्क ग्वेल पण, फुटबॉल स्टेडियम पण, असं एका दिवसात कोंबू नका.

बार्सिलोनात पाकीटमारी होते, मेट्रोत आणि रांब्ला रस्त्यावर जास्त. पासपोर्ट कपड्याच्या आतल्या पाऊचमध्ये, फोन टेबलावर ठेवायचा नाही, आजींचं मंगळसूत्र-पाटल्या घरी बँकेत ठेवून जा. पोरांच्या खिशात तुमचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी. काही झालं तर ११२ हा एकच नंबर, पोलीस, अॅम्ब्युलन्स, फायर सगळ्याला. गोळ्या-औषधं पूर्ण मुक्कामाची आणि चार दिवस जास्तीची, डॉक्टरच्या इंग्रजी चिठ्ठीसकट हातातल्या बॅगेत, चेक-इनमध्ये नाही.

आणि परतीचं रेल्वे रिझर्व्हेशन. विमान मुंबईला पोचायच्या वेळेत आणि जळगाव-भुसावळच्या गाडीत निदान सहा-सात तास ठेवा, रिझर्व्हेशन ६० दिवस आधीच उघडतं त्यामुळे विमानाच्या तिकिटाबरोबर लगेच होणार नाही, कॅलेंडरला तारीख लावून ठेवा आणि त्या दिवशी सकाळी काढा, आजी-आजोबांना लोअर बर्थ टाकून.